चार वाजताचा किल्ला

चतुराबाईला न्यायला आलेली गाडी पांढरी होती, एवढं सगळ्या दौलताबादनं पाहिलं. तिला सोळा चाकं होती आणि तिचा भोंगा ऐकून किल्ल्यावरची माकडं तटावर रांगेत, एकमेकांत सहा-सहा फूट अंतर ठेवून उभी राहिली, हे मात्र एकट्या तिच्या नवऱ्यानं, कारभारींनी, पाहिलं. पन्नास वर्षं किल्ल्यावर गाईड म्हणून घासलेला माणूस. साधी चार चाकांची गाडी सांगितली तर त्याच्या जिभेला फोड यायचे.

सुनेनं, मोनिकानं, पाहिलं ते एवढंच: मागचं दार लागता लागता सासूनं मान बाहेर काढली आणि विचारलं, "कालवण झाकलं का?"

मग घरात दोघंच उरले, शहात्तर वर्षांचा सासरा आणि सून. दोघांच्या कोरोनाच्या तपासण्या बऱ्या निघाल्या होत्या. मोनिका खरं तर या घरात पाहुणीच. मार्चात तीन दिवसांसाठी आली, तेवढ्यात सगळं बंद झालं. नवरा बद्रीनाथ औरंगपुऱ्यात, खाली पुस्तकांचं दुकान आणि वर दोन खोल्या. मध्ये जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर, पण जून उजाडला तरी नवरा-बायको भेटत होती ती फोनच्या तळहाताएवढ्या काचेतच.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूच्या पिशवीत घालून दिलेल्या जुन्या फोनवरून कॉल आला. पडद्यावर सासू नव्हती. मेंदीच्या केसांची, मोठ्या डोळ्यांची एक बाई होती.

"मैं ताहेरा. तुमच्या सासूच्या बाजूची खाट. सुनो बेटी, ये चाची तीन दिन से कुच नै खा रई. डबा आला की उशाशी ठेवते. मी पूछी तो बोलती, घरचे जेवले का नाय म्हाईत नाय, मी कशी जेवू?"

मोनिकानं कपाळावर हात मारून घेतला. हे आपल्याला सुचायला हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासूला कुणाच्या आधी जेवताना पाहिलं नव्हतं. घरातला शेवटचा माणूस हात धुऊन उठला की चतुराबाई ताट घ्यायची. पाहुणा असो, गडी असो, दिवाळी असो. एकदा बद्रीनाथची गाडी खुलताबादपाशी बंद पडली, तेव्हा ही बाई संध्याकाळी सहापर्यंत पाण्यावर बसली होती. आणि आता तिला मुलींच्या एका रिकाम्या वसतिगृहात, बंद डब्यासमोर बसवून सगळे म्हणत होते, जेव.

"ताहेराबी, फोन असाच धरा," मोनिका म्हणाली. "मी सगळ्यांना जोडते."

दोन मिनिटांत काचेचे चार तुकडे झाले. एकात ती आणि कारभारी, एकात बद्रीनाथ, एकात नाशिकची नणंद रूपा, आणि चौथ्यात पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून पडलेली एक पाठ.

"ताटं घ्या पुढ्यात," मोनिकानं हुकूम सोडला. "आणि आत्यांना दिसेल असं जेवा."

पाठ वळली. चतुराबाईनं डोळे बारीक करून एकेक चौकोन तपासला, जशी ती विकायला आणलेले जांब, म्हणजे पेरू, तपासायची. बोटानं दाबून बघता येत नव्हतं एवढंच.

"बद्री, ते काळं काय हाय ताटात?"

"खिचडी."

"काळी?"

"करपलीय," बद्रीनाथ म्हणाला. तो खोटं बोलत नसे.

"मोनिका, माझ्या लेकराला खिचडी टाकता येत नाय न् तू तिथं काय करू राहिली?"

"आत्या, पोलिसांना विचारा. त्यांनी सोडलं तर आत्ता जाते."

"मी जेवले माय," रूपा घाईघाईनं म्हणाली.

"तोंड दाखव. खोटं बोलायली. ओठ कोरडे हायत तुझे."

रूपानं निमूटपणे पोळी घेतली. सगळ्यांची ताटं रिकामी झाली, हात धुतल्याचे आवाज आले, तेव्हा कुठं ताहेरानं डब्याचं झाकण उघडलं आणि चतुराबाईनं अर्धी पोळी खाल्ली. त्या दिवसापासून रोज दुपारी एक वाजता ही पंगत बसू लागली. एका दुपारी कारभारींना भूक नव्हती तर ते नुसतेच तोंड हलवत बसले. चतुराबाईनं ओळखलं आणि त्यांना दोन भाकरी जास्तीच्या खायला लावल्या.

तरी तेवढ्यानं भागत नव्हतं. पाचव्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बद्रीनाथला फोन केला. ताप उतरतोय, पण आजी दिवसभर भिंतीकडे बघत पडून असतात. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्र्याण्णव दाखवतोय. त्यांनी उठून बसलं पाहिजे, बोललं पाहिजे. मनच उठलं नाही तर आम्ही औषधं देऊन काय करणार?

बद्रीनाथनं हे शब्द जसेच्या तसे सगळ्यांना सांगितले. त्याची सवयच ती. लहानपणी चौथीच्या परीक्षेत त्यानं वडिलांकडून ऐकलेला किल्ल्याचा इतिहास लिहिला होता: खंदकात मगरी होत्या, त्यातली थोरली मगर दर शुक्रवारी उपास धरायची आणि त्या दिवशी शत्रूला पोहून जायची मुभा होती. गुरुजींनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला. तेव्हापासून बद्रीनाथचा छापील अक्षरावर विश्वास बसला आणि बापावरचा उडाला. पुस्तकांचं दुकान त्यानं उगीच काढलं नव्हतं.

"मामा," मोनिका सासऱ्यांना म्हणाली, "आत्यांना किल्ला दाखवा."

"तिला काय दाखवायचा? पन्नास वर्षं रोज बघती."

"आतून."

कारभारी गप्प झाले. हा माणूस गप्प होणं म्हणजे गावात बातमीच. पण गोष्ट खरी होती. चतुराबाईनं किल्ल्याच्या दाराशी पन्नास वर्षं टोपली मांडून जांब विकले, सीताफळं विकली. आत पाऊल टाकलं नाही. नवरा सकाळी माणसं घेऊन वर जायचा, संध्याकाळी खाली यायचा. "चल की एकदा," म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "म्या वर गेल्यावर खाली चूल कोण पेटवील?"

बद्रीनाथ काचेतून कडाडला. "नाना, आजारी माणसाला थापा ऐकवू नका. काही ऐकवायचंच तर खरं ऐकवू. मी वाचतो."

त्यानं दुकानातलं जाडजूड पुस्तक काढलं आणि घराणी, सनावळ्या, तहनामे असं पाऊण तास वाचलं. शेवटी चष्मा काढून विचारलं, "कसं वाटलं, माय?"

ताहेराचा चेहरा पडद्यावर आला. "चाची सो गई. सच्ची बोलूं तो मैं बी सो गई थी. अल्ला तुम्हाला लंबी उमर दे, पण किताब ठेव बेटा."

रूपा नाशिकमधून म्हणाली, "दादा, मीही थोडा वेळ झोपले." आत्तापर्यंत ती भावाच्या बाजूनं होती. त्या पाऊण तासानं तिनं बाजू बदलली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कारभारींनी इस्त्रीचा सदरा घातला, गळ्यात गाईडचा बिल्ला अडकवला आणि गच्चीवर चढले. मोनिकानं पापडाच्या बाजेच्या खुराला दोरीनं फोन बांधला. मागं किल्ला उभा, उन्हात भाजलेल्या भाकरीसारखा.

"आइये, आइये, मंडळी! पाणी प्यायले का? वर पाणी नाय. चपला घट्ट घाला. माझ्या मागं मागं या. पुढं जाणारा माणूस पडला तर मी जबाबदार, मागं राहणाऱ्याला माकडं जबाबदार."

"कुणाशी बोलू राहिले हे?" पलीकडं चतुराबाईनं विचारलं.

"तुमच्याशी, चाची," ताहेरा म्हणाली.

"मला 'मंडळी' म्हणायलेत?"

ती रागानं उठून बसली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

मग काय विचारता. पहिल्या दिवशी कारभारींनी तिला फक्त महादरवाज्यापर्यंत नेलं. दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांची गोष्ट एक तास चालली: म्हणे हत्तींना ते खिळे इतके आवडायचे की पाठ खाजवायला ते लांबून लांबून यायचे, शत्रूकडचे सुद्धा, आणि खाजवून झालं की इकडच्याच हत्तीखान्यात राहायचे. दुसऱ्या दिवशी खंदक. तिसऱ्या दिवशी मेंढा तोफ, जिचा गोळा एकदा उडाला तो पैठणला जाऊन, नाथांच्या गावात आपलं काम नाही म्हणून परत आला. दर वेळी ऐन रंगात आले की कारभारी सदऱ्याची कॉलर झटकायचे. "आता वेळ झाली. दरवाजे बंद होत्यात. उद्या चार."

चतुराबाई पावणेचारलाच केस विंचरून बसू लागली. ताहेराची खाट तिच्या खाटेला जोडली गेली. मग पलीकडच्या खोलीतल्या दोघी आल्या, मग जिन्याशेजारच्या चौघी. आठव्या दिवसापर्यंत तीसेक बायका व्हरांड्यात अंतर राखून बसत होत्या, फोन खिडकीच्या गजांत अडकवलेला. नखशिखांत प्लास्टिकचा अंगरखा घातलेली सिस्टर तीन वाजताच तपासण्या उरकायची आणि दाराशी टेकून ऐकायची. तिचा चेहरा कुणालाच दिसत नसे, पण खांदे हलले की ती हसतेय हे कळायचं.

"चाची, तुमचे मियाँ लई मस्त झूट बोलते," ताहेरा एकदा म्हणाली.

"बोलत्यात खरे."

"घरी बी असंच?"

"घरी जेवताना गप असत्यात. सगळं बोलणं तिकडं वाहून यायचे वरती, लोकांवर." चतुराबाईनं पदरानं मान पुसली. "पन्नास वर्षं म्या ह्यांचं जेवणच बघितलं, ताहेराबी. बोलणं आता ऐकू राहिले."

चिमटा त्या दिवशी पंच्याण्णववर होता. डॉक्टरीणबाईंनी बद्रीनाथला विचारलं, "चार वाजता तुम्ही काय देता त्यांना?" बद्रीनाथला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायची लाज वाटत होती. तो म्हणाला, "घरगुती आहे."

नवव्या दिवशी अंधारी आली.

ज्यांनी किल्ला पाहिलाय त्यांना सांगायला नको. डोंगराच्या पोटात कोरलेली वळणावळणाची वाट, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. तिथं प्रत्येक गाईड एक खेळ करायचा. माणसं ऐन मध्यावर आली की हातातली मशाल फुंकून टाकायची. आवाज नाही, उजेड नाही. मनात दहा अंक मोजायचे. बायका किंचाळतात, पोरं रडतात, पुरुष मोठमोठ्यानं खोकतात. मग मशाल पेटवायची आणि म्हणायचं, "बघा, असा शत्रू अडकायचा!" की सगळे जीव वाचल्यासारखे हसतात. कारभारींनी हा खेळ पन्नास वर्षांत इतक्या वेळा केला होता की तो त्यांच्या हाडांत होता.

"मंडळी, डावा हात भिंतीला लावा," ते म्हणाले.

तीस बायकांनी डावा हात पुढं केला. चतुराबाईनं खरंच लावला. वसतिगृहाची भिंत उन्हानं तापली होती, पण तिच्या तळहाताला गार लागली. मागं ताहेराचा श्वास ऐकू येत होता. नवऱ्याचा आवाज पुढं पुढं चालला होता, हळू, जवळचा, असा की या माणसानं आपल्याशी असं कधी बोलावं हे तिनं मनातसुद्धा मागितलं नव्हतं.

"पाय उचलू नका, घासत चला. वटवाघळांना हात लावू नका, ती झोपलीत. चतुरा, हायस ना मागं?"

"हाय."

"मग धर मला."

आणि त्यांनी फूं केलं.

पण फोनची मशाल फुंकरीनं विझत नाही. म्हणून कारभारींनी फोनच्या कडेचं बटण दाबलं. म्हातारी माणसं जसं बटण दाबतात तसं, अंगठ्यानं, जोर लावून, दात खाऊन. फोननं एक गाणं वाजवलं आणि मान टाकली.

कारभारींनी दहापर्यंत मोजलं. पुन्हा बटण दाबलं. फोन सुरू झाला आणि चार आकडे मागू लागला. ते आकडे मोनिकाला ठाऊक, आणि मोनिका रेशनच्या रांगेत. त्यांनी स्वतःच्या जन्माचं साल घातलं. चुकलं. बद्रीच्या जन्माचं घातलं. चुकलं. लग्नाचं साल त्यांना दोन वेळा आठवावं लागलं, तेही चुकलं. फोन म्हणाला, तीस सेकंद थांबा. मग म्हणाला, एक मिनिट थांबा. भर उन्हात, कठडा नसलेल्या गच्चीवर, गळ्यात बिल्ला घातलेला तो म्हातारा एका काळ्या काचेला म्हणत होता, "अगं झालं की! आलो की! पेटली, पेटली मशाल!"

पलीकडं आधी सगळ्या हसल्या. मग थांबल्या. पाच मिनिटं झाली.

"गच्चीला कठडा नाय," चतुराबाई म्हणाली.

ताहेरानं परत परत फोन लावला. बंद.

"ते मागं मागं सरकत बोलत्यात. सवय हाय त्यांना, माणसांकडं तोंड करून उलटं चालायची. गच्चीला कठडा नाय, ताहेराबी."

ताहेराचा फोन येताच औरंगपुऱ्यात बद्रीनाथनं शटर अर्धंच ओढलं आणि स्कूटरला लाथ मारली. शहराच्या तोंडाशी पोलिसानं काठी आडवी धरली.

"कुठं?"

"वडिलांचा फोन बंद पडलाय."

"माझाही चार्जिंगला लावलाय. फिरा मागं."

तो तिथंच रस्त्याच्या कडेला उभा राहिला. समोर मोकळा रस्ता, आणि त्याच्या टोकाला, उन्हात थरथरणारा, त्याच्या बापाचा किल्ला. मागं जाववेना. पंचवीस मिनिटांनी मोनिकाचा फोन आला. ती रडत होती की ओरडत होती ते आधी कळलं नाही.

"मामा ठीक आहेत. मशाल विझवली म्हणे. तुम्ही आत्यांकडं बघा आधी!"

आत्यांकडं बघायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. चिमटा शहाऐंशी दाखवत होता. चतुराबाईला खालच्या मजल्यावर, ऑक्सिजनच्या खाटेवर नेलं.

त्या संध्याकाळी बद्रीनाथ बापाशी फक्त एक वाक्य बोलला. "नाना, तुमचा खेळ झाला."

रूपानंही भावाची बाजू घेतली. मोनिका कुणाचीच बाजू घेऊ शकत नव्हती. किल्ल्याची कल्पना तिची होती. तिनं फोन आपल्या कमरेला खोचला आणि सासऱ्यांपुढं ताट ठेवलं. ते तसंच उचललं. दुसऱ्या दिवशीही. एक वाजता पंगत बसली नाही, कारण बघायला माणूसच नव्हतं. चतुराबाई नाकात नळी घालून डोळे मिटून पडली होती. फोन घेत नव्हती. पेजेचा पेला तसाच परत जात होता.

चार वाजता कारभारी दारात बसले होते, सदरा नाही, बिल्ला नाही.

"सुनबाई," ते म्हणाले, "म्या पन्नास वर्षं लोकांना अंधारात सोडून हसलो. त्यांना कसं वाटत आसंल, हे कधी मनात आलं नाय बघ."

मोनिकानं हातातलं ताट बाजूला ठेवलं. ती त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसली.

अकराव्या दिवशी साडेतीनला फोन वाजला. ताहेराच. ती दोन दिवस सिस्टरच्या हातापाया पडून शेवटी अंगरखा घालून खाली आली होती, आणि काचेत आता तिचं नुसतं नाक दिसत होतं.

"चाची बोलती. जल्दी बोलो, सिस्टरनं पाच मिनिटं दिली."

मोनिकानं आधी बद्रीनाथला आणि रूपाला जोडलं, मगच फोन सासऱ्यांपुढं धरला. चतुराबाईचा आवाज नळीतून आल्यासारखा बारीक होता.

"अवं. कुठं गेलता?"

"इथंच हाय," कारभारी म्हणाले.

"दोन दिस झाले. म्या तिथंच उभी हाय. भिंतीला हात लावून. माझ्यामागं तीस बाया हायत. आम्हाला आत नेलं न् सोडलं व्हय? काढा बाहेर."

कारभारींनी तोंड उघडलं. पन्नास वर्षांत हजारो माणसं त्या काळोखातून बाहेर काढणाऱ्या माणसाच्या तोंडातून हवा आली, शब्द आला नाही.

"बोला की."

"चतुरा, मला भ्या वाटतंय," ते म्हणाले. "म्या पुन्यांदा काय बोललो न् तुला काय झालं तर."

काचेतली चतुराबाई डोळे मिटू लागली. ताहेराच्या नाकाशेजारी चिमट्याचा लाल आकडा दिसत होता. त्र्याऐंशी. ब्याऐंशी.

"माय," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी पाहिलं. बद्रीनाथ होता. पुस्तकांच्या रॅकला पाठ लावून उभा, घामानं थबथबलेला.

"माय, हात सोडू नको भिंतीचा. नानांच्या पुढं मी आहे. मी... मला दिसतंय पुढचं."

"काय दिसतंय रे?"

बद्रीनाथनं मागचं एक पुस्तक उगीच ओढलं, परत खोचलं. जन्मात न केलेलं काम करताना माणसाची जी अवस्था होते तीच.

"हत्ती आहे," तो म्हणाला.

रूपानं पडद्याजवळ तोंड आणलं.

"अंधारीत हत्ती?" चतुराबाईचे डोळे उघडले. "अरे, वाट केवढी, हत्ती केवढा?"

"मावेल एवढाच आहे."

ताहेराचं नाक थरथरलं. रूपानं तोंडावर हात दाबला.

"आणि दादा, त्यानं वाट अडवलीय का रे?" रूपा म्हणाली.

"हो ना. हलत नाहीये."

"का हलत नाय?" चतुराबाईनं विचारलं. आता ती मान वळवून बघत होती.

बद्रीनाथची थाप तिथंच संपली होती. त्यानं काचेतून बायकोकडं पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडं बघतो तसं. मोनिकानं हात दिला.

"भुकेला आहे, आत्या. पण त्याची एक खोड आहे. मागचं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय तो घास घेत नाही. आणि जेवल्याशिवाय हलत नाही."

"कुणाची खोड लागली मेल्याला," चतुराबाई म्हणाली.

"मागं कोण राहिलंय बघा बरं जेवायचं?"

"ह्या तीस जणी तर जेवल्यात. म्या बघितलं नाय, पण ताहेराबी सांगती." ती थांबली. श्वास घेतला. "म्हंजी म्याच राहिले."

"त्याचे पाय थकलेत माय," बद्रीनाथ म्हणाला. आता त्याला वाट सापडली होती. "म्हातारा आहे. सोंड टेकून उभा आहे. डोळ्यांतून पाणी येतंय त्याच्या."

हे शेवटचं खरं होतं, फक्त हत्तीचं नव्हतं.

चतुराबाईनं हात पुढं केला. ताहेरानं पेजेचा पेला दिला. एक घोट, मग थांबणं, मग दुसरा. काचेच्या चार तुकड्यांत माणसं श्वास धरून बघत होती. सिस्टर पाच मिनिटं संपली म्हणून आत आली होती, तीही उभी राहिली. पेला संपायला वीस मिनिटं लागली. मधूनच बद्रीनाथ सांगायचा, "कान हलवला त्यानं." "आता सोंड उचलली." शेवटी पेला उलटा धरून चतुराबाईनं दाखवला.

"हलला का?"

"हलला," कारभारी म्हणाले. आवाज घोगरा होता, पण त्यांचा होता. "हलला गं. उजेड दिसाया लागला बघ पुढं. डोळे मिटून घे, एकदम उघडू नको, लई उन्ह हाय बाहेर."

सिस्टरनं चिमट्याकडं पाहिलं. नव्वद. तिनं उशी सारखी केली.

फोन ठेवण्याआधी कारभारींनी हात जोडले. "ताहेराबी, तुमचे लई उपकार झाले. सिस्टर, तुमचे बी. तुमचं तोंड बघितलं नाय म्या, पर विसरायचो नाय."

"उपकार कैसे, भाईसाब," ताहेरा म्हणाली. "ईद गई, किसीकू गले नै लगा सके. चाचीच्या घरात रोज चार वाजता आमची बी सोय झाली."

मग काच रिकामी झाली, फक्त बाप-लेक उरले.

"मावंल एवढाच," कारभारी म्हणाले. "बद्री, पन्नास वर्षांत हे मला सुचलं नाय."

"नाना, जेवून घ्या आता."

"तू काय केलंस आज?"

"खिचडी."

"कशी झाली?"

"फक्कड," बद्रीनाथ म्हणाला, आणि मोनिकानं त्याच्यामागं रॅकपाशी ठेवलेलं काळं पातेलं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

अठराव्या दिवशी तीच पांढरी गाडी चतुराबाईला दारात सोडून गेली. गावानं लांबून हात हलवले. निघताना वसतिगृहात मोठाच गोंधळ झाला होता. चतुराबाई घरी चालली याचा सगळ्यांना आनंद, पण तीस जणी अजून अर्ध्या वाटेवर. बाहेर आलो खरे, पण वर कुठं पोचलोय? आणि ताहेराची दुसरी तपासणी पुन्हा वाईट आलेली, तिचे अजून आठ दिवस.

घरी आल्या आल्या तिला मोनिकानं खाटेवर निजवलं. हात लागेल तिथं हाड होतं. पण साडेतीनला चतुराबाई उठली, केस विंचरले, आणि भिंतीला धरत धरत गच्चीचा जिना चढू लागली. कारभारी सदरा-बिल्ला घालून मागं धावले.

"अगं दम लागंल! म्या सांगतो की त्यांना. तू बस खाली."

चतुराबाई वर पोचली, बाजेवर बसली, फोन स्वतःकडं वळवला. काचेत व्हरांडा होता, मेंदीचे केस होते, आणि नव्यानं आलेल्या चार-पाच घाबरलेल्या चेहऱ्यांनी मागून माना काढल्या होत्या.

"आल्या का समद्या? नव्यांना मधी घ्या, कडंला ठेवू नका. ताहेराबी, तुम्ही सगळ्यांत शेवटी चाला, कुणी मागं राहायला नको. हं. तर अंधारीतून बाहेर आलं की डाव्या अंगाला एक चूल हाय. लई मोठी. अकबराच्या आज्जीच्या वेळची. ती आजपावतर विझलेली नाय."

"चूल?" कारभारी म्हणाले. "अगं, तिथं कुठली चूल? तिथं तर पायऱ्या—"

चतुराबाईनं मागं न बघता हात वर केला.

"मधी बोलू नका. बाया चढू राहिल्यात."